वाट काढण्यापूर्वी

मराठीतील ‘वाट’ आणि ‘वाडी’ हे दोन शब्द कानाला सख्खे वाटतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत : ‘वाट’ ही संस्कृत ‘वर्त्मन्’ या शब्दापासून, म्हणजे जाण्याच्या मार्गापासून, प्राकृतातून घासत आली, तर ‘वाडी’ ‘वाटिके’पासून, म्हणजे कुंपण घालून राखलेल्या जागेपासून. एकीचा स्वभाव पुढे जाण्याचा आणि दुसरीचा आवरून धरण्याचा असल्यामुळे घराभोवतीच्या बागेत पायवाट आखणे हे या दोन स्वभावांना एकाच कुंपणात नांदवण्याचे काम ठरते. याच भाषेने ‘वाट पाहणे’ असा एक वाक्प्रचारही घडवला आहे, ज्यात येणाऱ्याच्या रस्त्याकडे डोळे लावून बसणे आणि थांबणे या दोन गोष्टी एकच मानल्या आहेत. घरच्या बागेतील वाटांविषयी, विशेषतः माळव्याच्या काळ्या मातीतील वाटांविषयी, जे सांगण्याजोगे आहे त्याचा मोठा भाग या वाक्प्रचारातच येऊन जातो, कारण या मातीत वाट काढण्यापूर्वी ती पाहावी लागते आणि तीही किमान एक संपूर्ण पावसाळा.

माळव्याच्या या मातीवरील वाटांचे एक उदाहरण म्हणजे विजय नगर : हे इंदूरच्या जुन्या राजवाड्यापासून ईशान्येला, आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूने वाढलेले उपनगर आहे. इंदूर विकास प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने जमिनी घेऊन, रस्ते आखून आणि भूखंड पाडून हा परिसर वसवला, आणि म्हणूनच येथील रहिवासी पत्ता सांगताना आजही ‘स्कीम नंबर ५४’ किंवा ‘स्कीम नंबर ७४’ असे सांगतात. काही दशकांपूर्वी येथे शेते होती. नांगर गेला, गटारे आणि विजेचे खांब आले, तरी खालची माती मात्र तीच राहिली. समजा ३० फूट रुंद आणि ५० फूट लांब अशा भूखंडावर घर उभे राहिले, तर घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी उरते, जिला नगररचनेच्या परिभाषेत ‘सामासिक अंतर’ म्हणतात, म्हणजे हवा-उजेड खेळावा म्हणून नियमाने मोकळी सोडावयाची जागा. होळकरांच्या काळापासून इंदुरात राहिलेल्या मराठी घरांनी, आणि नंतर नोकरी-व्यवसायासाठी आलेल्यांनीही, अशा पट्टीत तुळशीवृंदावन, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा, एखादा पेरू नाहीतर सीताफळ यांची सोय करून तिलाच परसबाग मानले आहे.

ही पट्टी आता अनेक घरांभोवती या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत फरशीने किंवा पेवर ब्लॉकने झाकली जाते. त्यामागची कारणे खोटी नाहीत, कारण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला असा धरून बसतो की दहा पावलांत पाय जड होतात, मोटार आणि दुचाकीला जागा लागते, शिवाय झाडून काढायला फरशी सोपी असते. तरीही जमिनीची संपूर्ण फरसबंदी ही वाट नव्हे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ज्या जागेवर कुठूनही कुठेही जाता येते, तिथे वाट नसते. वाट असण्यासाठी तिच्या दोन्ही अंगांना पाऊल न पडणारी जमीन शिल्लक असावी लागते.

या सगळ्या विचाराच्या मुळाशी माती आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. माळव्याचे पठार दख्खनच्या त्याच काळ्या पाषाणावर उभे आहे ज्यावर पुणे, नाशिक आणि औरंगाबादकडचा प्रदेश उभा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हाचे थर थंड होऊन जो बेसॉल्ट तयार झाला, तो ऊन-पावसाने झिजत जाऊन प्रथम मुरूम झाला, म्हणजे हाताने चुरडता येईल असा भुसभुशीत, तांबूस-पिवळा दगड झाला, आणि त्याहीपुढे झिजून काळी कसदार माती झाली, जिला भूगोलाच्या पुस्तकांत ‘रेगूर’ म्हणतात. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाची रचना पापुद्र्यांची असून पापुद्र्यांच्या मधल्या जागेत पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. परिणामी आषाढात ही माती फुगते, वैशाखात आक्रसते, आणि मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडून वरची सुकी माती त्या भेगांत आपोआप पडत राहते. शेतकरी या स्वभावाला दोष मानत नाही, कारण ही माती पावसाचे पाणी धरून ठेवते म्हणूनच रब्बीचा गहू आणि हरभरा तिच्यावर उभा राहतो. गवंड्याला मात्र हाच स्वभाव जड जातो. उघड्या काळ्या मातीवर दोन इंच काँक्रीट ओतून त्यावर फरशी बसवली, की पहिल्या पावसाळ्यात तिचा मधला भाग किंवा कड उचलली जाते, उन्हाळ्यात खाली पोकळी राहते, आणि दुसऱ्या वर्षी त्या पोकळीवर पाय पडताच फरशीला तडा जातो. दोष अनेकदा सिमेंटला किंवा कारागिराला दिला जातो. खरे पाहता जमीन श्वास घेत असते आणि तिच्या छातीवर टणक पाटा ठेवलेला असतो.

कोकणातील वाटांचे कौतुक करताना हा फरक विसरला जातो. तिथल्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या, म्हणजे उतारावर चिरे बसवून केलेल्या पायऱ्यांच्या वाटा, कितीतरी अधिक पाऊस अंगावर घेऊनही टिकतात, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि खालची जमीन पाणी सोडून देते. माळव्यात पाऊस वर्षाला सुमारे ९०० ते १००० मिलिमीटर, कोकणाच्या मानाने बेताचा. पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकवटतो आणि माती एकदा भिजली की नंतरचे पाणी फार सावकाश आत घेते. म्हणून एका ठिकाणची सुंदर वाट छायाचित्रात पाहून दुसऱ्या ठिकाणी उतरवणे हे बागकामातील सर्वांत महागडे अनुकरण ठरते.

इंदूरला आधी पाहून मग हात घालण्याच्या धीराचा एक थोर गुरू लाभून गेला, याचे स्मरण येथे अगत्याचे आहे. स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत इंदूरचा अभ्यास करून १९१८ मध्ये दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला. पुढच्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ते फोडून काढणे हाच त्या काळी सुधारणेचा मान्य मार्ग होता, आणि गेडेस यांनी त्यालाच हरकत घेतली. गल्ल्यांतून पायी हिंडून, कोणती विहीर वापरात आहे, कोणत्या झाडाखाली माणसे बसतात, कोणती भिंत पडीक आहे हे आधी पाहावे, आणि मग गरजेपुरती, अंग जपून केलेल्या शस्त्रक्रियेसारखी काटछाट करावी, अशी त्यांची रीत होती. रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय औषध देऊ नये, हा वैद्यकातला साधा संकेत त्यांनी शहराला लावला.

त्यांच्या इंदूरमधील वास्तव्यातील दिवाळीच्या मिरवणुकीची हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. शहरात प्लेगची भीती होती आणि परक्या माणसाविषयी लोकांच्या मनात संशयही होता. गेडेस यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढण्याचे ठरवले आणि तिचा मार्ग रूढीने ठरलेला राहणार नाही, ज्या रस्त्यावरची सर्वाधिक घरे झाडून-पुसून दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्याने ती जाईल, असे जाहीर केले. घरोघरी साफसफाई सुरू झाली, कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार मानाने चालले, प्लेगच्या राक्षसाची प्रतिमा निघाली, आणि शेवटी लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली, कारण नेटक्या हिंदू घराच्या मध्यभागी तुळस असते हे या परदेशी वनस्पतिशास्त्रज्ञाने अचूक हेरले होते. या प्रसंगातील मोलाची गोष्ट अशी की वाट आधी ठरली नव्हती. लोकांनी आपापल्या दारासमोरची जागा जशी राखली, तशी ती ठरत गेली.

विजय नगरातील वीस-पंचवीस हात लांबीच्या बागेला एवढ्या मोठ्या उदाहरणाची जोड देणे अतिशयोक्तीचे वाटू शकते, पण रीत एकच आहे. घराभोवती पावले आधीच पडत असतात, फक्त ती कोणी मोजलेली नसतात. सकाळी पूजेची फुले तोडायला जाणारी व्यक्ती स्वयंपाकघराच्या दारातून निघते, जास्वंदीकडून तुळशीकडे येते आणि नळावर पाय धुऊन आत शिरते; दुपारी कपड्यांच्या दोरीकडे एक फेरी होते; संध्याकाळी ओल्या कचऱ्याची बादली खताच्या खड्ड्याकडे जाते. मेघदूत उपवनासारख्या सार्वजनिक उद्यानांत आखीव मार्ग काटकोनात वळतो तिथेच हिरवळ तुडवून पडलेली एक करडी रेघ दिसते, ती माणसांच्या बेशिस्तीची खूण म्हणून नव्हे, तर आखणाऱ्याच्या नजरेतून निसटलेली गरज म्हणून वाचावी लागते. घरच्या बागेत अशी रेघ उमटू देणे, आणि ती उमटेपर्यंत एकही फरशी न आणणे, हा कामाचा पहिला भाग होय.

दुसरा भाग पाण्याकडे पाहण्याचा. छताचे क्षेत्र १०० चौरस मीटर असेल तर १० मिलिमीटरची एक सर त्यावर १००० लिटर पाणी टाकते, आणि इंदूरच्या वर्षभराच्या पावसाचा हिशेब ९० हजार लिटरांच्या पुढे जातो. हे पाणी पन्हाळीतून कुठे पडते, कोणत्या कोपऱ्यात तास-दोन तास थांबते, कुंपणाच्या कोणत्या छिद्रातून गल्लीत निघून जाते, हे सर चालू असताना छत्री घेऊन उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ज्या शहराला पिण्याचे पाणी नर्मदेवरून, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, उपसून आणावे लागते, त्या शहरातील घराने स्वतःच्या छतावरचे पाणी गटारात सोडणे हे मनाला लागावे असेच आहे. पाण्याची रेघ आणि पावलांची रेघ जिथे एकमेकींना छेदतात तिथे चिखल होतो, आणि तिथेच कारागिराची खरी कसोटी असते : वाट दोन-तीन इंच उचलून घ्यायची, तिच्या कडेने हातभर खोल चर खणून त्यात खडी भरायची, आणि तो चर काळ्या मातीचा थर ओलांडून मुरमापर्यंत पोचलेल्या शोषखड्ड्यात नेऊन सोडायचा. शोषखड्डा मुरमापर्यंत गेला नाही तर तो नुसते डबके होतो.

एवढे पाहून झाल्यावर हात घालण्याची वेळ येते ती कार्तिक-मार्गशीर्षात. शेतीच्या भाषेत ‘वाफसा’ असा एक नेमका शब्द आहे. भिजलेल्या जमिनीतले जास्तीचे पाणी निघून जाऊन ती औताला चिकटत नाही आणि दगडासारखी कडकही झालेली नसते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. काळ्या जमिनीत वाट खणायची तर ती वाफशावरच खणावी, कारण ओल्या मातीत कुदळ रुतते आणि सुकलेल्या मातीवरून ती उडते. फक्कीने दोन रेघा मारल्या जातात; वळण हवे असेल तर पाण्याची रबरी नळी जमिनीवर टाकून तिचा बाक डोळ्याला पटेपर्यंत हलवला जातो. मग आठ-नऊ इंच काळी माती काढून वाफ्यांत टाकावी, कारण ती बागेचे धन आहे, वाटेच्या कामाची मात्र नाही. तिच्या जागी मुरूम येतो, जो त्याच पाषाणाचा पुत्र असूनही पाण्याने फुगत नाही. मुरूम एकदम न ओतता दोन थरांत घालावा, प्रत्येक थरावर हलके पाणी शिंपडावे आणि धुमसाने ठोकावा. ठोकताना प्रथम भदभद असा पोकळ आवाज येतो आणि थर बसत गेला की तो बदलून घट्ट, कोरडा होतो, व अनुभवी गवंडी हा आवाज ऐकूनच हात थांबवतो. त्यावर इंचभर वाळू, आणि वाळूवर दगड.

दगडांत इंदुरात सर्वांत सुलभ तो शेजारच्या राजस्थानातून येणारा कोटा, निळसर-हिरवट किंवा तपकिरी चुनखडीचा थरथरांचा दगड. तो घरात घोटून गुळगुळीत केला जातो, पण बाहेर तसा बसवणे धोक्याचे आहे, कारण श्रावणात त्यावर शेवाळाचा पातळ पापुद्रा चढला की घरातील वयस्कर माणसाचा पाय हमखास घसरतो. बागेसाठी त्याची खाणीतून निघालेली खडबडीत बाजूच वर ठेवावी. दगड वाळूवर ठेवून लाकडी हातोड्याने चारही कोपरे हळूहळू ठोकले जातात, नंतर कारागीर त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर एकेक पाय देऊन उभा राहतो. दगड जराही डुगडुगला तर तो उचलावा, खाली मूठभर वाळू सारावी आणि पुन्हा ठेवावा. एकाच दगडाशी असे चार-पाच वेळा करावे लागते, आणि रोजंदारीने आलेला माणूस जेव्हा न सांगता पाचव्यांदा दगड उचलतो तेव्हा त्याला चहा देताना घरच्यांच्या मनात आदर असावा. दगडांना मीटरमागे एक-दोन सेंटीमीटर ढाळ घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने हवा. वाटेच्या कडेला उभ्या विटांची ओळ मातीत गाडली की वाळू आणि मुरूम सरकत नाहीत.

रुंदीचा प्रश्न वरवर मोजमापाचा दिसतो, पण तो मुळात नात्यांचा आहे. दोन फुटांच्या वाटेवर एकच माणूस चालतो, चार फुटांच्या वाटेवर दोघे बरोबरीने बोलत चालू शकतात. फाटकापासून दारापर्यंतची वाट दोघांची असावी, कारण पाहुण्याला सोडायला यजमान फाटकापर्यंत येतो आणि गोष्टी खऱ्या अर्थाने तिथेच रंगतात. तुळशीकडची वाट एकट्याची पुरते. जपानमध्ये चहापानाच्या कुटीकडे जाणाऱ्या बागेत सुटे दगड मुद्दाम असे मांडतात की पाहुण्याने पायांखाली पाहावे, गती कमी करावी आणि बाहेरचे जग मागे टाकावे. मराठी घराची गरज वेगळी आहे. हातात फुलांची परडी किंवा भिजलेल्या कपड्यांची बादली असणाऱ्याला पायांखाली पाहण्याची सवड नसते, म्हणून सुटे दगड ठेवायचे तर त्यांच्यातले अंतर घरातील सर्वांत आखूड पावलावरून ठरवणे योग्य.

वाट आणि खत यांचा संबंधही इंदूरनेच जगाला दाखवला आहे. १९२४ मध्ये येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे मराठी सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्ट करण्याची जी रीत सिद्ध केली आणि १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावून, ते ठरावीक काळाने वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ही पद्धत. तिच्यातील एक तपशील वाटेच्या अभ्यासकाला फार मोलाचा आहे : कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या अशा कठीण काड्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या आधी संस्थेच्या आवारातील रस्त्यांवर पसरल्या जात, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाके आणि बैलांचे खूर त्यांना चिरडून बारीक करत, आणि मग त्या खतात जात. रस्ता नुसता ओलांडण्याची जागा नव्हता. तो खताच्या कामातला एक कामकरी होता. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळवणाऱ्या आणि ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायला शिकलेल्या या शहरात हॉवर्ड आणि वाड यांची आठवण अधिक जागती असायला हवी. घरच्या बागेत फाल्गुनात कडुलिंबाची पाने गळतात तेव्हा ती लगेच झाडून न टाकता खताच्या खड्ड्याकडे जाणाऱ्या वाटेवर आठवडाभर पसरू दिली, तर येता-जाता पावलांखाली चुरडून ती खड्ड्यात निम्म्या जागेत मावतात.

वाटेचा सर्वांत जिवंत भाग दगडांत नसून दोन दगडांमधल्या दरजेत असतो. अर्धा-पाऊण इंचाची ही फट सिमेंटने भरून टाकण्याचा मोह कारागीर आणि घरमालक दोघांनाही होतो, कारण त्यामुळे काम पुरे झाल्यासारखे दिसते; पण फट बुजली की फुगणाऱ्या जमिनीला हालचालीची जागा उरत नाही आणि पावसाला आत जायचा रस्ता राहत नाही. वाळू आणि मातीने भरलेली दरज पहिल्या पावसात थोडी खचते, तिच्यात पुन्हा माती घालावी लागते, दुसऱ्या वर्षी दूर्वा धरतात, गांडुळे मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग काढून ठेवतात, मुंग्या वाळूचा एकेक कण बाहेर आणतात. वृंदावनातल्या मंजिऱ्या वाऱ्याने झडतात, त्यांतले मोहरीहून बारीक बी या फटींत अडकते, आणि आषाढाच्या अखेरीस कुठल्यातरी दोन दगडांच्या मध्ये तुळशीचे दोन पानांचे रोप उभे राहते. घरातील कोणी ते अलगद काढून कुंडीत लावते आणि शेजाऱ्यांना देते. कधी ते तसेच राहू दिले जाते, आणि मग फुले तोडायला जाणारे पाऊल तिथे आल्यावर वीतभर डावीकडे वळू लागते, आणि पुढच्या श्रावणापर्यंत वाटेच्या त्या वळणावर दगडाची कड उजळ, घासलेली दिसू लागते.